मूठभर सिमेंट

"म्हंजी फी न्हाई?"

"नाही."

"वर शिकनाराला रोजचं पैसं मिळनार?"

"हो. विद्यावेतन म्हणतात त्याला."

"मग ह्यात मेख कुठं हाय?"

शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात मी सहा महिने होतो आणि हा संवाद मी इतक्या वेळा केला, की शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आतच मी "मेख नाही" असं सांगून टाकायचो. तरी कोणाचा विश्वास बसला नाही. शिकायचे पैसे द्यायचे असतात, घ्यायचे नसतात, हे पोरांना कॉलेजात घालून घालून लोकांना पक्कं कळलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, गावाची नाही.

मी आयटीआयमध्ये गवंडीकामाचा निदेशक होतो. एकतीस वर्षं. या नोकरीची एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. शिकाऊ मुलगा भिंत बांधतो, ओळंबा लावून ती सरळ आहे का ते आम्ही बघतो, मार्क देतो आणि संध्याकाळी ती भिंत पाडतो. विटा पुढच्या तुकडीला लागतात ना! त्यामुळे माझ्या देखरेखीखाली नगरमध्ये शेकडो भिंती उभ्या राहिल्या आणि आज त्यातली एकही जागेवर नाही. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण निवृत्त माणसाची जीभ वळायला वेळ लागतो.) बायको म्हणायची, तुमचा पगार पाडण्याचा की बांधण्याचा ते एकदा ठरवा.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या एका वास्तुविशारद बाईंचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. या गावची जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्याशी जाता येतं अशी विहीर, दुरुस्त करायची होती. तीही सिमेंटने नाही, जशी बांधली तशी चुन्याने. चुन्यात काम करणारे गवंडी आता मिळत नाहीत, म्हणून आधी गावातल्याच अकरा जणांना सहा महिने पगारी शिकवायचं, शेवटी परीक्षा घ्यायची आणि मग ठेकेदाराने त्यांनाच कामावर घ्यायचं, अशी योजना. यादीत दोन रकाने. एक 'गवंडी', दुसरा 'मदतनीस'. कोण कुठल्या रकान्यात जाणार हे मी ठरवायचं.

"पण मॅडम, मी जन्मभर सिमेंट शिकवलंय," मी म्हणालो.

"चुना शिकवायला येसूबाबा आहेत. पण ते हजेरी घेत नाहीत, अहवाल लिहीत नाहीत आणि कोणी प्रश्न विचारला तर चिडतात. म्हणून तुम्ही."

थोडक्यात, ज्ञान बाबांचं आणि रजिस्टर माझं.

येसूबाबा पुणतांब्याकडचे. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पायात टायरच्या चपला. वडिलांच्या हाताखाली चुन्यात वाढलेले. पहिल्या दिवशी त्यांनी भाजलेल्या चुनखडीचे पांढरे गोळे, ज्यांना कळीचा चुना म्हणतात, हौदात टाकायला लावले आणि वर पाणी सोडलं. गार पाणी! दोन मिनिटांत ते खदखदून उकळायला लागलं, वाफांचे लोट उठले, आणि अकरा जण चार पावलं मागे सरकले. मी पाच सरकलो.

"खाली जाळ न्हाई, तरी उकाळतंय कसं?" कोणीतरी विचारलं.

"त्याच्या पोटात भट्टीचा जाळ हाय," बाबा म्हणाले. "त्यो भाईर काढल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई."

त्या दिवसापासून मी रजिस्टर बगलेत मारून बाबांच्या मागे फिरायला लागलो. मला एकेका गोष्टीचं नवल वाटायचं. दगड भाजला की चुना होतो. तो भिंतीला लावला की हवेतलं काहीतरी महिनोन् महिने ओढून घेत परत दगड होतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्याने विरघळून स्वतःच ती चीर बुजवतो. सिमेंट एका रात्रीत धरतं आणि मग हट्टाला पेटतं. दगड उन्हाने फुगला, थंडीने आकसला, तरी ते हलत नाही. पाणी आत अडलं की बाहेर सोडत नाही. शेवटी दगडच फुटतो. एकतीस वर्षं मी सिमेंटचा तो हट्ट 'मजबुती' म्हणून शिकवला होता.

चुन्याच्या मालात विटांची पूड आणि वाळू तर घालायचीच, पण गुळाचं पाणी, भिजवलेलं बेलफळ आणि हिरड्याचा काढाही. गूळ आणायला गेलो तर किराणा दुकानदार म्हणाला, "सर, भंडारा कधी हाय?" भिंतीला घालायचा आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढच्या वेळी मी दुसऱ्या दुकानात गेलो. बेलफळं आठ दिवस पिंपात कुजवली तेव्हा वास असा सुटला, की शेजारच्या शाळेतून तक्रार आली. मुंग्यांनी मात्र कामाचं मनापासून स्वागत केलं.

बघायला येणारेही एकेक नमुने होते. एक पुढारी येऊन सांगून गेले, "सर, कशाला येवढा कुटाना? वरपासून खालपर्यंत टाइल्स ठोका, पुसायला सोपं." एक निवृत्त तलाठी रोज अकराला छत्री घेऊन यायचे आणि विचारायचे, "काही निघालं का?" त्यांना मोहरांचा हंडा अपेक्षित होता. मी रोज नाही म्हणायचो. ते रोज सांगायचे, "निघाला तर आधी मला बोलवा. पंचनाम्याला माझी सही चालते." सहा महिन्यांत बारवेच्या गाळातून एक गंजलेली बादली निघाली. त्यांनी तीही नीट उलटीपालटी करून बघितली.

आता द्वारकाबद्दल.

अकरा जणांत दहा पुरुष आणि ही एक बाई. पस्तिशीची, घरी दीड एकर कपाशी आणि तूर, दोन मुली शाळेत, नवरा शेवगावच्या मार्केट यार्डात हमाल. पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी विचारलं, इथे का आलात. पुरुषांनी विद्यावेतन, शेतात काम नाही, अशी प्रामाणिक उत्तरं दिली. द्वारका म्हणाली, "सर, धा वर्सं मी नगरला साईटवर गवंड्यांच्या हाताखाली हुते. माल कालवला, वाहिला, गवंडी काय करतो ते समदं बगितलं. पन थापी कुनी हातात दिली न्हाई. मला गवंडी व्हायचंय."

पुरुष हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. थापी म्हणजे माल लावायचं ते लोखंडी पातं. कुठल्याही बांधकामावर जाऊन बघा, बाई माल वाहते आणि पुरुष तो लावतो. असा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण मोडलेला मी एकदाही पाहिला नव्हता. माझ्या वर्गात एकतीस वर्षांत एकही मुलगी आली नाही, आणि का येत नाही हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

बाबांनी मात्र तिला सगळ्यांबरोबर थापी दिली. ती शिकायची तेव्हा तिच्या कपाळाला आठी असायची. रागाची नाही, हे असं का होतं याची. माल बोटात चोळून बघ, नाकाशी ने, कालचा आजच्या मालाशी ताडून बघ, असं तिचं चालायचं. बाबा इतरांच्या प्रश्नांवर खेकसायचे, पण हिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. एकदा ते म्हणाले, "जुन्या गच्च्यांचा चुना बायकाच चोपायच्या. ओळीनं बसून, लाकडी चोपनी घिऊन, पंधरा पंधरा दिस. मानूस दमायचा त्या कामाला."

"मग त्यांना गवंडी म्हणायचे का?" मी विचारलं.

बाबा चिडले. म्हणजे उत्तर 'नाही' होतं.

पाचव्या महिन्यात परीक्षा आली. बारवेच्या काठाला एक ओवरी, म्हणजे पुढून मोकळी पडवी आहे, तिच्या भिंतीवर प्रत्येकाला चार फुटांचा चौकोन दिला. त्यावर चुन्याचा गिलावा करायचा. आठ दिवसांनी मॅडम येणार, बघणार आणि यादी घेऊन जाणार. नेमके त्याच आठवड्यात बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे श्रीरामपूरला गेले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, घाई करू नका. थंडी हाय, माल सावकाश धरंल."

दिवस थंडीचे होते हे खरंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिळा घेऊन निघालो. सिमेंटचा माणूस दुसऱ्या दिवशी खिळा टोचून बघतो, आत गेला तर काम नापास. इथे तिसरा दिवस उजाडला होता आणि अकराही चौकोनांत खिळा लोण्यात जावा तसा गेला. कडेला चिराही दिसत होत्या. पाच महिने लोकांना पैसे देऊन शिकवलं आणि मॅडमना दाखवायचं काय? अकरा ओले चौकोन?

मग मी माझ्या नोकरीत हजारदा केलं असेल ते केलं. सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे खरवडून काढा. नव्याने माल करा. घमेल्याला मूठभर सिमेंट टाका, म्हणजे धरेल."

दहा जणांनी आनंदाने खरवडलं. द्वारका हलली नाही.

"सर, बाबा न्हाई म्हनलेत."

"बाबा इथे नाहीत. मी आहे."

"व्हय. पन चुना बाबांचा हाय."

एवढं बोलून ती आपल्या चौकोनाकडे वळली. तिने घरून भुई चोपायचं लाकडी चोपणं आणलं होतं. पाणी शिंपडायची आणि हलक्या हाताने गिलावा चोपायची. चीर दिसली की पुन्हा दाबायची, वर ओलं गोणपाट टाकायची. सिमेंटमध्ये माल एकदा बसला की त्याला हात लावणं हे पाप. मी ओरडलो, "अगं, हे सारवण नाही! सोड त्याला."

"सर, भुई करतानी असंच करत्यात. ती आकसती, तडकती. तडकली की दाबायची. तिचं आंग सुकोस्तोवर सोडायचं न्हाई."

दहा पुरुषांसमोर तिने मला दोनदा उलट उत्तर दिलं होतं. सिमेंटचं कारण नंतरचं, खरं दुखणं ते होतं. मी त्याच दिवशी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, 'सूचनांचे पालन करीत नाही. मदतनीस म्हणून योग्य.' माझं अक्षर वळणदार आहे. ते वाक्यही मी वळणदार लिहिलं.

मॅडम आल्या. दहा चौकोन खणखणीत, एक गोणपाटाखाली ओलसर.

"सर, थंडीत इतक्या लवकर धरलं?" त्यांनी विचारलं.

"ऊन चांगलं होतं," मी म्हणालो.

"आणि हा?"

"ती बाई सांगितलेलं ऐकत नाही."

मॅडमना घाई होती आणि माझ्या एकतीस वर्षांवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी यादी घेतली. द्वारकाला तिचा रकाना मी स्वतः सांगितला. तिने चोपणं धुतलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली आणि आपल्या चौकोनावर पाणी मारत राहिली. त्याचा आता तिला काही उपयोग नव्हता.

तीन आठवड्यांनी बाबा परत आले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून ते सरळ ओवरीत शिरले. दिसायला अजून नीट लागलं नव्हतं. ते भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत चालले. पहिला चौकोन बद्द वाजला. दुसरा बद्द. तिसऱ्याचा एक कोपरा ठोकताच गळून पडला. दहाच्या दहा चौकोन आतून भिंतीपासून सुटले होते, आणि जवळून बघितल्यावर सगळ्यांवर केसासारख्या चिरा दिसत होत्या. अकराव्याशी बाबा थांबले. तिथला आवाज दगडाचाच होता. त्यांनी तळहात फिरवला, गाल लावून बघितला.

"ह्ये कुनाचं?"

"माजं," द्वारका म्हणाली.

"आन् बाकीच्यात शिमिट कुनी घातलं?"

दहा जण खाली बघत होते. कोणीही माझं नाव घेतलं नाही. द्वारकानेही नाही. तिने बोट दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान चिडायला जागा मिळाली असती.

"मी," मी म्हणालो. "मी घालायला लावलं."

बाबांनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला. "मास्तर," ते म्हणाले, "तुमाला येवढं सांगून गेल्तो." आणि ते बाहेर जाऊन बसले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी पाडलेल्या सगळ्या भिंती एका बाजूला आणि मी न पाडलेले हे दहा चौकोन एका बाजूला.

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, उन्हाचं खोटंसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "यादी ठेकेदाराकडे गेली, सर. दुरुस्तीचं पत्र मी पाठवते. पण शेवटी तिथला मुकादम हात बघून माणूस घेतो. बाईचा हात तो बघेल का, याची खात्री मला देता येत नाही."

दहा चौकोन आम्ही पाडले आणि पुन्हा केले. या वेळी द्वारकाने चोपून दाखवलं आणि पुरुष घरून चोपणी घेऊन आले. एकाची बायको माग काढत आली, "आमचं चोपनं हितं कशाला?" नवऱ्याला भिंत चोपताना बघून ती जे हसली, ते ऐकून बाबासुद्धा हसले. महिनाअखेर बाबांनी अकराही चौकोन ठोकून बघितले आणि काही बोलले नाहीत. बाबांनी न बोलणं म्हणजे पास.

मग मुकादम आला. चाळिशीचा, चलाख, खिशात दोन मोबाईल. त्याने यादी वाचून दहा जणांना एका बाजूला काढलं आणि म्हणाला, "बाई, तुमी वाळूच्या ढिगाकडं थांबा."

मी पुढे होऊन मॅडमचं पत्र दिलं. त्याने ते पूर्ण वाचलं, घडी घातली. "सर, कागद बरोबर हाय. पन माझे नगरचे जुने गवंडीबी येनार. बाईच्या हातात थापी बगितली तर हसतील, काम सोडून जातील. उगा माझ्या डोक्याला ताप."

"त्या रकान्यात तिला मी घातलं होतं आणि ते चुकीचं होतं," मी म्हणालो. "एक तास द्या. खालच्या पायरीचा एक सांधा भरून बघू द्या. नाही पटलं तर मी परत बोलणार नाही."

त्याने घड्याळ बघितलं आणि एक बिडी पेटवली. मी ते होकारार्थी धरलं.

द्वारका थापी घेऊन पायऱ्या उतरली, सांधा साफ केला, ओला केला आणि वर बघितलं. माल पाहिजे होता. माल नेऊन देणं हे बाईचं काम, आणि तिथली एकुलती एक बाई तर खाली थापी धरून बसली होती. दहा पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मी बाह्या सारल्या, माल कालवला, घमेलं खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या उतरलो. गुडघ्यांनी तक्रार केली. तलाठी छत्री मिटून बघायला पुढे आले.

द्वारकाने थापीवर थोडा माल घेतला, बोटात चोळला आणि परत घमेल्यात टाकला.

"सर, ह्यो मळला न्हाई नीट. परत न्या."

वर कोणीतरी फिसकन हसलं. मी घमेलं घेऊन वर गेलो, घामाघूम होईतो माल मळला आणि खाली आणला. तिने परत चोळून बघितला.

"आजून थोडं, सर."

तिसऱ्या खेपेला तिने तो घेतला. मग मात्र तिने माझ्याकडे किंवा वर कोणाकडेही बघितलं नाही. सांध्यात माल खोलवर दाबला, दगडाच्या कडेच्या किंचित आत ठेवला, लाकडी पट्टीने चोपला, थांबली, पुन्हा चोपला, ओल्या गोणपाटाने झाकला. मुकादम कधी उतरून तिच्या मागे येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. बिडी त्याच्या बोटांतच विझली होती. त्याने गोणपाट उचलून बघितलं, अंगठ्याने सांधा दाबला आणि यादी खिशातून काढली.

"बाई, उद्यापासनं तुमाला हाताखाली किती मानसं लागतील?"

द्वारकाने पायऱ्यांवरून वरपर्यंत नजर फिरवली.

"दोन द्या," ती म्हणाली. "पन सर नकोत. त्यांना शिमिटाची सवय हाय."